टवकामीमांसा

भांडं शाबूत राहून त्याच्या काठाची जी कपची उडते तिला मराठीत टवका म्हणतात, आणि ती उडून गेल्यावर काठावर जी जागा उघडी पडते तिलाही टवकाच म्हणतात. गेलेली वस्तू आणि ती गेल्याची खूण, दोघींना एकच शब्द. प्रस्तुत प्रबंधात तो दुसऱ्या अर्थाने वापरला आहे, कारण पहिल्या अर्थाचा टवका केरात गेला आणि कचऱ्याची गाडी आमच्याकडे सकाळी साडेसातलाच येऊन जाते.

ज्याच्यामुळे हे लेखन करावं लागलं तो टवका आमच्या घरातल्या एका प्लेटला आहे. प्लेट साडेनऊ इंची. मधोमध एक माणूस उभा: रुंद काठाची टोपी, निळा कोट, गुडघ्यापर्यंतची फुगीर विजार, हातात काठी. त्याच्या दोन्ही बाजूंना झुडपं, आणि प्रत्येक पान म्हणजे ब्रश एकदा टेकवून उचलला इतकंच. काठाला निळी आणि पिवळी रेघ. माझा मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. फ्रान्सच्या ब्रेस्त बंदरात बोट लागली असताना तिथल्या जुन्या बाजारातून त्याने ती आणली आणि "वहिनी, तुमच्या शोकेससाठी" असं म्हणून हिच्या हातात दिली. मला त्याने सिगारेट लायटर दिला. मी सिगारेट ओढत नाही. प्लेटीचा आणि माझा संबंध, कायद्याच्या भाषेत, एवढाच.

स्थलनिश्चिती करणं भाग आहे, कारण तिच्यावरून आधीच बराच घोळ झाला आहे. आम्ही डोंगरीला राहतो. डोंगरी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी येते आणि तो आपल्याशी एकदम नम्रपणे बोलायला लागतो. आमची डोंगरी ती नव्हे. आमची भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरची, मिरा-भाईंदर महानगरपालिकेतली. बरं, हा सगळा पट्टा इतिहासात धारावी बेट म्हणून ओळखला जातो. धारावी देवीचं देऊळ इथलं, आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत ज्या धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले तो किल्लाही इथलाच. पण जगाला माहीत असलेली धारावी माहीमच्या शेजारची, आणि तिथे खरोखरचा कुंभारवाडा आहे. परिणामी मातीच्या भांड्यांवर लिहिणारा माणूस धारावी बेटावरचा आहे, एवढं कळल्यावर दोन जणांनी मला पणत्यांचा घाऊक भाव विचारला.

आता विषयप्रवेश. टवका हा भग्नतेचा सर्वांत सौम्य प्रकार आहे आणि त्याच्या भावंडांशी त्याची गल्लत करू नये. चरा फक्त वरच्या कातडीवर उमटतो. तडा आरपार जातो. डोळ्यांना दिसला नाही तरी कानांना कळतो, म्हणून आपल्याकडे माठ घेताना बायका त्यावर टिचकी मारतात, आणि खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला की पुढच्या माठाकडे वळतात. पोचा फक्त धातूला येतो. स्टीलच्या डब्याला जन्मभर पोचे येतील, टवका एकही उडणार नाही, आणि म्हणूनच स्टीलचं भांडं कधीही काही कबूल करत नाही. भांडं फुटलंच तर त्याची ठिकरी होते, जी मुलं लंगडी घालत सरकवतात. आणि शेवटचं खापर. खापर म्हणजे आधीच फुटलेली वस्तू, तरी मराठी माणूस ती पुन्हा एकदा फोडतो, आणि नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर. आमच्या घरातल्या टवक्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटावं हा या प्रबंधाचा गुप्त हेतू आहे. तो पुढे उघड होईलच.

टवक्याचं शास्त्रीय महत्त्व असं, की भांडं खरोखर कशाचं आहे हे फक्त तोच सांगतो. चहाच्या कपाचा टवका उडाला तर आत पांढरंच दिसतं, कारण ती चिनी माती अंतर्बाह्य पांढरी असते. इनॅमलच्या ताटलीचा टवका उडाला की काळं लोखंड डोकावतं आणि चार दिवसांत गंजतं. आमच्या फ्रेंच प्लेटीचा टवका उडाला तेव्हा आत बदामी माती दिसली. साधी, भुसभुशीत, आपल्या कौलाच्या जातीची. एवढी वर्षं शोकेसमध्ये चिनी मातीच्या रुबाबात बसलेली बाई आतून कुंभारणीची निघाली.

अशा भांड्यांना फ्रेंचांमध्ये फायान्स म्हणतात. नाव इटलीतल्या फाएंझा गावावरून पडलं, आणि फाएंझाला ही विद्या स्पेनमार्गे अरबांकडून आली. अरबांनी ती काढली ती नवव्या शतकात, इराकमध्ये, आणि कारण अगदी ओळखीचं आहे: चीनहून येणारी पांढरी शुभ्र भांडी त्यांना हवी होती आणि तसली माती त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी आपल्याच मातीला कल्हई केली.

कल्हई हा शब्द मी अलंकारासाठी वापरत नाही. ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे त्यांना आठवेल: अंगणात खड्डा, चामड्याचा भाता, तापून लाल झालेलं पितळी पातेलं, नवसागराचा नाकात शिरणारा धूर, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात फिरवलेली चांदी. फ्रेंचांनीही कथीलच वापरलं, फक्त धातू म्हणून नाही. कथील आणि शिसं एकत्र जाळून त्याचं भस्म करायचं, ते वाळू आणि क्षारांबरोबर वितळवून काच करायची, काच दळून पाण्यात कालवायची, आणि एकदा भाजलेलं मातीचं भांडं त्या दुधात बुडवून काढायचं. भाजलेली माती पाणी शोषून घेते आणि वर पिठासारखा थर राहतो. दुसऱ्या भट्टीत त्याची काच होते, पण कथलाचे कण त्या काचेत विरघळत नाहीत. प्रकाश त्यांच्यावर आपटून परत फिरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. जुन्या इनॅमलच्या ताटल्यांचा पांढरेपणाही याच भस्माचा. म्हणजे शोकेसमधली मेमसाहेब आणि मोरीजवळची टवके उडालेली ताटली एकाच कुळातल्या.

चित्र काढायचं ते या दोन भट्ट्यांच्या मधे, त्या कच्च्या पिठावर. टीपकागदावर शाईचा थेंब पडावा तसा रंग टेकवताक्षणी शोषला जातो. खोडता येत नाही, पुसता येत नाही, हात थांबला तर तिथे डाग. रंगही चार-पाचच, कारण एवढ्या आगीत बाकीचे टिकत नाहीत: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा जांभळा, लोखंडाचा तांबूस. आमच्या प्लेटीवरच्या झुडपाचं प्रत्येक पान एका टेकवणीचं आहे ते याचमुळे. ज्या बाईने ते काढलं (हे काम तिथे बऱ्याचदा बायका करत) तिला दुसरी टेकवणी परवडणारी नव्हती, ना हाताला ना वेळेला.

फ्रान्समध्ये ही कल्हई आधी नेव्हेर गावात रुजली. तिथला ड्यूक इटालियन घराण्यातला, त्याच्यामागून इटालियन कारागीर आले. मग सतराव्या शतकाच्या मध्याला रुआं शहरात राजाकडून मक्ता मिळवून मोठा कारखाना उभा राहिला. पण धंद्याला खरी बरकत आली ती चौदाव्या लुईच्या लढायांमुळे. १६८९ साली पैसे संपले म्हणून त्याने व्हर्सायमधलं चांदीचं सामान वितळवलं, आणि १७०९ साली पुन्हा तंगी आल्यावर सरदारांकडचीही चांदीची भांडी टांकसाळीत जाऊ लागली. १९६२ च्या चीन युद्धात आपल्याकडे बायकांनी बांगड्या उतरवून दिल्या होत्या, तसंच काहीसं. फक्त तिथल्या सरदारांचा उत्साह बायकांएवढा नव्हता. सँ-सिमों या दरबाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवलं आहे की आठवड्याभरात बडे लोक फायान्सच्या ताटांवर आले. राजाला मूठभर नाणी मिळाली. मिळालं ते कुंभारांना.

आमची प्लेट मात्र राजेशाही कुळातली नाही. ती ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावची. ओदे नदीकाठच्या लोकमारिया या उपनगरात जाँ-बातिस्त बूस्के नावाचा दक्षिणेकडचा माणूस येऊन स्थिरावला. तिथे त्याने काढलेला कारखाना आपलं जन्मसाल १६९० सांगतो. या कारखान्याचा पुढचा इतिहास म्हणजे जावयांचा इतिहास आहे. बूस्केंच्या घरात जावई आला तो नेव्हेरचा, त्याच्याबरोबर नेव्हेरची नक्षी आली. पुढच्या पिढीत जावई आला रुआंचा, त्याने रुआंची नक्षी आणली. त्याच्या पुढच्या पिढीत आलेल्या जावयाचं आडनाव द ला ह्युबोदियेर, आणि त्या आडनावाचं पहिलं अक्षर बूस्केच्या पहिल्या अक्षराला जोडून 'एच. बी.' हा शिक्का तयार झाला. आपल्याकडे जावई दिवाळीला येतो, पाटावर बसतो, आणि अंगठी घेऊन जातो. कँपेरच्या कुंभारांनी प्रत्येक जावयाकडून एकेक तंत्र काढून घेतलं. तुलनात्मक समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या मुद्द्याकडे लक्ष द्यायला हवं, विशेषतः ज्यांना मुली आहेत त्यांनी.

१७८६ साली इंग्लंड-फ्रान्सचा व्यापारी करार झाला, जकात उतरली आणि इंग्रजी भांडी फ्रान्समध्ये लोटली. वेजवुडची भांडी सायीच्या रंगाची, हलकी, आणि माती मुळातच फिकट, तिला पांढऱ्या कथलाचा बुरखा लागतच नसे. टवका उडाला तरी आतून तीच बाई. फायान्सचे कितीतरी कारखाने या तडाख्यात बसले, त्यावर राज्यक्रांती आली. कँपेर टिकलं, कारण ते सरदारांसाठी नव्हे, शेतकरी-कोळ्यांसाठी स्वस्त भांडी करत होतं. पुढे १८६३ साली कँपेरला रेल्वे आली, रेल्वेबरोबर पॅरिसचे प्रवासी आले, आणि प्रवाशांना स्थानिक माणूस पाहायचा असतो, शक्यतो घरी नेता येईल असा. तेव्हा तो फुगीर विजारीचा माणूस प्लेटीवर चढला. त्याला 'छोटा ब्रिटनकर' म्हणतात. शनिवारी-रविवारी आमच्या रस्त्याने उत्तन-गोराईकडे जाणाऱ्या गाड्या पाहतो, काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांसमोर उभं राहून फोटो काढणारे लोक पाहतो, आणि वाटतं, अजून कोणी उत्तनचा कोळी प्लेटीवर चढवला नाही हे आश्चर्यच.

कँपेरला नंतर आणखी कारखाने झाले. त्यातला एक आंरियोंचा, आणि त्यांचा शिक्का 'एच. आर.'. एच. बी. वाल्यांचं म्हणणं, हे मुद्दाम आमच्यासारखं दिसतंय. वाद वाढला आणि १९२२ साली आंरियोंना आद्याक्षरं सोडून पूर्ण नाव लिहावं लागलं. एका अक्षराच्या पायाचं भांडण! बी चा खालचा गोल मिटलेला, आर चा उघडा, एवढ्यावर. पुढे १९६८ साली हे दोन्ही कारखाने एक झाले, म्हणजे सगळं भांडण फुकट. १९८४ साली ते बुडता बुडता एका अमेरिकन जोडप्याने विकत घेतले. परंतु आमच्या प्रबंधाला हे अक्षर फार महाग पडलं. टवका उडाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी प्लेट उलटी करून भिंगातून पाहिली, तर मागे निळ्या रंगात 'एच. आर.'. म्हणजे प्लेट १९२२ च्या आधीची. शंभर वर्षं जुनी. ही बातमी मी घरात त्या दिवशी सांगितली नाही.

वाचक म्हणेल, एका टवक्यासाठी एवढा खटाटोप? तर पूर्वसूरींकडे बोट दाखवतो. शाँफ्लरी या फ्रेंच लेखकाने १८६२ साली एक अख्खी कादंबरी लिहिली ती फायान्सच्या व्हायोलिनच्या नादाने वेड्या झालेल्या संग्राहकावर. मातीचं व्हायोलिन! असं एक व्हायोलिन रुआंच्या संग्रहालयात खरोखर आहे. त्याच शाँफ्लरीने राज्यक्रांतीच्या घोषणा रंगवलेल्या ताटांवर गंभीर ग्रंथही लिहिला आणि शेवटी सेव्हरच्या सरकारी पोर्सेलीन कारखान्याच्या संग्रहांचा प्रमुख झाला. मला असं पद नको. घरात शांतता पुरे.

आपल्याकडे असलं काही झालंच नाही असंही नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, आणि १८७० च्या दशकात तिथल्या जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची भट्टी घातली. झिलईचं काम करायला त्यांनी कारागीर आणले सिंधमधून, जिथे पांढऱ्या मातीचा हात देऊन वर निळं-हिरवं रंगवायची जुनी परंपरा होती. नक्षी मात्र अजिंठ्याची, कारण त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घेत होते. टेरींच्या भट्टीचं नाव 'वंडरलँड आर्ट पॉटरी'. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुडांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली, आणि तिथले काही घट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. विचार करा: सिंधचा कुंभार, अजिंठ्याची राजकन्या, मालक इंग्रज, गिऱ्हाईकही बहुधा इंग्रज, आणि भट्टी मुंबईत. कँपेरला जे जावयांनी केलं ते इथे एका साहेबाने पगारावर केलं. म्हणूनच कदाचित टिकलं नाही. पगारी माणूस बदलून जातो, जावई जात नाही.

पोर्तुगीज दोनशे वर्षं आमच्या बेटावर होते, चर्च बांधून गेले, पाव ठेवून गेले. कथलाच्या झिलईच्या रंगीत फरशा, ज्यांना ते अझुलेजो म्हणतात, त्या मात्र पाहायला पणजीला जावं लागतं. तिथल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात झोर्झ कुलासू यांनी रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची भिंत आहे, १९३५ सालची, काम्योंइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग दाखवणारी. मी तिच्यासमोर अर्धा तास उभा होतो. भिंतीतलं खलाशांचं शौर्य पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या एका फरशीचा टवका पाहिला. आत बदामी माती. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

टवक्याच्या सामाजिक बाजूवर फार लिहिता येईल, थोडंच लिहितो. टवका उडालेला कप पाहुण्यांना देत नाहीत. तो आधी घरच्यांकडे येतो, मग दाढीच्या साबणाला जातो, मग मोरीच्या कट्ट्यावर. आणि या उतरंडीवर मधे एक पायरी होती जिच्याबद्दल आपण बोलत नाही: कान तुटलेला कप वेगळा ठेवला जाई, कामाला येणाऱ्यासाठी किंवा ज्याला घरातला कप द्यायचा नाही अशा माणसासाठी. गावच्या हॉटेलांतही असे कप बाहेर कोनाड्यात असत. ज्याला तो कप मिळे त्याला भांड्याच्या इतिहासाची गरज नव्हती. स्वतःची जागा त्या तुटक्या कानावरून कळत होती.

आता आरोपपत्र. हिचं म्हणणं, टवका दिवाळीच्या साफसफाईत उडाला आणि त्या दिवशी शोकेस मी पुसत होतो. माझं म्हणणं, टवका जुना आहे, ब्रेस्तच्या बाजारात असतानाच असणार. प्रत्यक्ष प्रमाण कोणाकडेच नाही, म्हणून अनुमानाकडे वळावं लागलं. फायान्सची माती सच्छिद्र असते. टवका ताजा असेल तर आतली माती कोरी बदामी दिसते. जुना असेल तर तेल, धूर, हाताचा घाम शोषून ती काळपट होते. मी हिला खिडकीशी नेलं, भिंग दिलं. टवका चांगला तपकिरी होता.

हिने प्लेट फिरवून मागची बाजू पाहिली. "अहो, मागे तर आणखी तीन आहेत!"

मी मनात म्हटलं, जिंकलो. मागचे ते तीन बारीक खडबडीत ठिपके म्हणजे भट्टीत प्लेट ज्या तीन टोकांवर टेकलेली असते त्यांच्या खुणा. टेकवली नाही तर झिलई वितळून प्लेट खालच्या फळीला चिकटेल. जन्मखुणा त्या. पण हिला त्या टवके वाटत असतील तर माझ्या बाजूला एकदम तीन साक्षीदार मिळत होते. विद्वत्ता आणि हित यांत मी त्या क्षणी हित निवडलं आणि गप्प राहिलो.

हिने प्लेट पुन्हा सरळ केली, टवका नाकाशी नेला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"याला आल्याचा वास येतोय."

सच्छिद्र माती सगळंच शोषून घेते, हे वर सांगितलंच आहे. कापसाचा बोळा चहात बुडवून टवक्यावर दोन-तीनदा फिरवला की शंभर वर्षांचं वय चढतं. जुन्या वस्तूंचे विक्रेते हे करतात असं मी वाचलं होतं. त्यांचा चहा बिनआल्याचा असणार.

शिक्षा सौम्य झाली. प्लेट शोकेसमधून काढून भिंतीवर टांगायची, तारेच्या कडीने, आणि ती मी टांगायची. टवका घड्याळात दोन वाजतात तिथे होता. तो वरच्या चिमट्याखाली लपवायचा तर प्लेट डावीकडे फिरवावी लागली. त्यामुळे छोटा ब्रिटनकर आता पुरता कलंडून उभा आहे, झुडपांसकट. परवा शेजारची मुलगी आली होती. बराच वेळ पाहून तिने विचारलं, "आजी, हा काका पडतोय का?"

"नाही गं," ही म्हणाली, "उत्तनहून आलाय. वारा लागतोय त्याला."